जुन्या होम कॉम्प्युटरला नवं हार्डवेअर जोडताना: कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे: कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेली तीन मशिन्स आहेत, कॉमोडोर ६४, ४८ के झेडएक्स स्पेक्ट्रम आणि ॲमिगा ५००. ती पुन्हा चालवायची आहेत. मूळ बोर्ड दुरुस्त करावेत, की आतलं सगळं काढून रास्पबेरी पाय (तळहाताएवढा आधुनिक कॉम्प्युटर) बसवावा? आणि दुरुस्तच करायचं तर आज मिळणारे कोणते भाग घ्यावेत?

पाय बसवण्याचा विचार आधी बाजूला ठेवू. इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम, चालवायला जुनं खोकं लागत नाही, तो कुठल्याही लॅपटॉपवर उत्तम चालतो. बोर्ड काढून तिथे पाय बसवला, तर एक दुरुस्त होऊ शकणारं मशीन कमी झालं आणि एक साधा इम्युलेटर वाढला, एवढाच हिशोब. खोकं रिकामंच मिळालं असेल तर गोष्ट वेगळी.

इतकी मशिन्स हाताखालून गेल्यावर मी एका नियमावर येऊन थांबलो आहे. नवं हार्डवेअर मशीनच्या कडेला जोडायचं: पोर्टवर, कार्ट्रिजच्या खाचेत, सॉकेटमध्ये. जे उद्या उपसून काढता येतं ते बिनधास्त लावा. सोल्डरिंगची इस्त्री मात्र एखादी चिप मेली आहे हे सिद्ध झाल्यावरच तापवायची. या मशिन्सना आजच्या काळात खरी अडचण तीनच ठिकाणी येते: वीज, स्टोरेज आणि पडदा. या तिन्ही गोष्टी बोर्डाच्या बाहेरच्या आहेत, आणि नेमकं तिथेच आजचं हार्डवेअर सर्वांत चांगलं काम करतं.

सुरुवात विजेपासून, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण वर्षानुवर्षं नीट पडून राहिलेली मशिन्स बहुतेकदा मालकाने हौसेने प्लग लावला त्या क्षणी मरतात.

कॉमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर दोन गोष्टी देतो: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. तो आतून रेझिनने भरलेला आहे, त्यामुळे उष्णता बाहेर जात नाही आणि उघडून दुरुस्तही करता येत नाही. आतला रेग्युलेटर म्हातारा झाला की ५ व्होल्टची लाइन खाली न जाता वर चढते. ५.२५ च्या वर गेली की धोका सुरू, आणि पहिला बळी जातो तो रॅमचा. मल्टिमीटरने मोजून ५.० दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. थंड असताना, लोडशिवाय बरोबर आकडा देणारा अडॅप्टर तासाभराने गरम झाल्यावर ५.६ देऊ शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मूळ अडॅप्टर आठवण म्हणून ठेवा, वापरू नका. आजच्या पद्धतीने बनवलेले पर्यायी अडॅप्टर मिळतात, तेच घ्या. मूळच वापरायचा हट्ट असेल तर मध्ये एक छोटं संरक्षक सर्किट लावा, जे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडतं. ९ व्होल्ट एसीची लाइन वगळता येत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यातून बोर्डावर जुन्या व्हिडिओ आणि साउंड चिपसाठी १२ व्होल्ट तयार होतात आणि आतल्या घड्याळाला मुख्य विजेची ५० हर्ट्झची ठोकही तिथूनच मिळते.

स्पेक्ट्रमचा सापळा वेगळा. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण प्लगच्या मधल्या पिनवर ऋण असतं. आज घरात पडलेल्या जवळजवळ प्रत्येक अडॅप्टरमध्ये मध्ये धन असतं. प्लग बसतो, आकडा जुळतो आणि मशीन जातं. स्थिर ९ व्होल्ट देणारा आजचा स्विचिंग अडॅप्टर चालतो, फक्त ध्रुव उलटे करून घ्या आणि जोडण्याआधी मीटर लावा. मूळ अडॅप्टर अनरेग्युलेटेड आहे, मोकळा असताना १२ च्याही वर दाखवतो. त्यामुळे आतल्या ७८०५ रेग्युलेटरला जास्तीचे सगळे व्होल्ट उष्णतेत जाळावे लागतात. त्याच तीन पायांवर बसणारा छोटा स्विचिंग रेग्युलेटर लावला की मशीन लक्षणीय थंड चालतं. सोल्डरिंग असूनही हा बदल मी मनापासून सुचवतो, कारण त्याचा फायदा शेजारच्या प्रत्येक चिपला होतो आणि ७८०५ पुन्हा लावणं पाच मिनिटांचं काम आहे.

ॲमिगाचा पुरवठा मजबूत असतो, पण त्याची खालची झडप उघडून आधी मेमरी वाढवणारं ए५०१ कार्ड पाहा. त्यावर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि इतक्या वर्षांनी ती गळलेली असणार असं धरूनच चाला. तिच्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खात जातो. बॅटरी कापून काढा, हिरवट भागावर आधी पांढरं व्हिनेगर, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. तिथे लिथियमचं नाणं (नाण्याच्या आकाराचा सेल) बसवायचं असेल तर मालिकेत डायोड हवाच. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं, आणि ते नाणं चार्ज करण्यासाठी नसतं.

ज्यांच्या खोक्यातच पुरवठा असतो त्यांच्यासाठी एक वाक्य: बीबीसी मायक्रो किंवा ॲपल टू ई उघडलात तर रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळे कपॅसिटर शोधा. त्यांच्या अंगाला तडे जातात, ओल आत शिरते आणि एक दिवस खोलीभर दुर्गंधी धूर होतो. बदलणं सोपं आहे, पण तो भाग थेट मुख्य विजेवर आहे आणि शेजारच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो. विजेचं काम येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

कपॅसिटर बदलण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. मशीन हातात आलं की सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उपटायचे, अशी एक फॅशनच झाली आहे. मला ती पटत नाही. कॉमोडोर ६४ मधले बहुतेक कपॅसिटर अजून ठणठणीत असतात, आणि नवशिक्या हाताने ते काढताना बोर्डाचे पॅड उखडतात. स्पेक्ट्रममधले सुकतात, तिथे बदलायला हरकत नाही. ॲमिगा ६००, १२०० आणि ४००० मध्ये मात्र पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे कपॅसिटर आहेत, ते गळतात आणि बोर्ड खातात. तिथे वाट पाहायची नाही. तुमचा ॲमिगा ५०० त्यात येत नाही.

वीज बरोबर झाली आणि तरी पडदा काळा, तर निदान. कॉमोडोर ६४ चा काळा पडदा म्हणजे अर्धा डझन रोगांचं एकच लक्षण: पुरवठा, पीएलए (कोणत्या पत्त्याला कोणती चिप उत्तर देईल ते ठरवणारी चिप), रॅम, रॉम, प्रोसेसर, व्हिडिओ चिप, यांपैकी काहीही. अंदाजाने चिपा बदलत बसू नका. ‘डेड टेस्ट’ नावाचं कार्ट्रिज मिळतं. ते मशीनची रॉम बाजूला ठेवून स्वतःचा प्रोग्राम चालवतं आणि त्याला रॅमचीही गरज नसते. रॅम खराब असेल तर पडदा ठरावीक वेळा लुकलुकतो. जुन्या बोर्डावर ४१६४ जातीच्या आठ चिपा आहेत आणि प्रत्येकीकडे बाइटमधला एकच बिट, त्यामुळे लुकलुकण्याच्या संख्येवरून नेमकी कोणती चिप गेली ते कळतं. कार्ट्रिज लावूनही काहीच दिसलं नाही, तर संशय पीएलए, प्रोसेसर किंवा व्हिडिओ चिपवर. मेलेल्या रॅमचं एक जुनं लक्षण म्हणजे चटका बसेल इतकी गरम चिप. शेजारच्या सात कोमट आणि एक तापलेली असेल, तर वेगळं सांगायला नको.

स्पेक्ट्रमची गोष्ट जास्त रंजक आहे. खालच्या १६ के साठी ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत, ज्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातले १२ आणि उणे ५ बोर्डावरच एका छोट्या कॉइल आणि ट्रान्झिस्टरच्या जोडीने तयार होतात. मशीन चालू असताना मागच्या खाचेत काही घातलं-काढलं की तो टीआर४ ट्रान्झिस्टर जातो, उणे ५ नाहीसे होतात, आणि ही जात उणे ५ शिवाय फार काळ जगत नाही. म्हणून रॅम बदलण्याआधी तिन्ही व्होल्टेज मोजा, नाहीतर नव्या चिपाही त्याच वाटेने जातील. वरच्या ३२ के साठी क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने काटकसर केली होती: ६४ के बिटांच्या ज्या चिपांचा अर्धा भाग सदोष निघाला, त्या स्वस्तात घेऊन फक्त चांगली बाजू वापरली. आज तिथे सरळ संपूर्ण चांगली ४१६४ बसते. वरची रॅम बिघडली तरी मशीन १६ के म्हणून चालू होतं आणि मालकाला पत्ता लागत नाही. बेसिकमध्ये २३७३३ या पत्त्यावर पीक (तिथला आकडा वाचण्याची आज्ञा) करून पाहा. २५५ आलं तर ४८ के शाबूत, १२७ आलं तर वरचा मजला बंद आहे.

४११६ च्या जागी बसणारे, फक्त ५ व्होल्टवर चालणारे आधुनिक रॅम मॉड्यूल मिळतात. मी ते वापरतो, कारण चांगल्या ४११६ आता दुर्मिळ आहेत आणि जुन्या साठ्यातल्या किती टिकतील याचा भरवसा नाही. पण त्यामुळे कॉइलचं सर्किट काढून टाकू नका. स्पेक्ट्रमच्या बहुतेक बोर्डांवर रंग तयार करणाऱ्या चिपला १२ व्होल्ट तिथूनच मिळतात.

आता स्टोरेज. इथे नव्या हार्डवेअरची खरी मजा आहे, आणि लोकांचा सर्वाधिक गैरसमजही इथेच होतो. एसडी कार्डवर फाइल ठेवली की मशीन ती उघडेल, इतकं हे सरळ नसतं. प्रत्येक मशीनची स्टोरेजशी बोलण्याची रीत वेगळी आहे, आणि नवा भाग त्या रीतीचं किती काटेकोर सोंग घेतो त्यावर सगळं अवलंबून आहे.

कॉमोडोरचा १५४१ ड्राइव्ह घ्या. तो निव्वळ ड्राइव्ह नव्हताच. त्याच्या आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ के रॅम आणि १६ के रॉम आहे, म्हणजे टेबलावर दोन कॉम्प्युटर तारेने जोडलेले असत. मूळ संवाद फार संथ, सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास. म्हणून गेम लिहिणाऱ्यांनी युक्ती काढली: ड्राइव्हच्या रॅममध्ये आपला छोटा प्रोग्राम पाठवायचा आणि दोन्ही प्रोसेसरनी मायक्रोसेकंदांच्या तालावर थेट गप्पा मारायच्या. हेच फास्टलोडर. एसडी२आयईसी हे स्वस्त उपकरण साध्या मायक्रोकंट्रोलरवर चालतं. ते ड्राइव्हची भाषा बोलतं पण ६५०२ चे प्रोग्राम चालवत नाही. काही ओळखीचे फास्टलोडर त्याला पाठ आहेत, अनोळखी आला की ते गप्प बसतं. एका फाइलचे गेम आणि स्वतःचे बेसिक प्रोग्राम एवढंच हवं असेल तर ते पुरेसं आहे. अनेक डिस्कांचे गेम आणि डेमो (मशीनची करामत दाखवणारे प्रोग्राम) पाहायचे असतील तर पूर्ण ड्राइव्हची नक्कल हवी. पाय१५४१ मध्ये रास्पबेरी पाय ड्राइव्हच्या ६५०२ चं प्रत्येक चक्र मोजून वागतो, आणि त्यासाठी त्यावर लिनक्स नसतंच. ऑपरेटिंग सिस्टिमने मध्येच काही मायक्रोसेकंद खाल्ले तरी संवाद तुटतो, म्हणून प्रोग्राम थेट हार्डवेअरवर चालतो. १५४१ अल्टिमेट हेच काम एफपीजीएमध्ये (हव्या त्या सर्किटसारखी जुळवता येणारी चिप) करतं आणि सोबत कार्ट्रिज, वाढीव रॅम असं बरंच देतं. महाग आहे, पण कॉमोडोरला एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

कार्ट्रिजच्या खाचेत बसणाऱ्या उपकरणांची अडचण वेगळी आहे. कॉमोडोरचं घड्याळ पीएएल टीव्ही-पद्धतीच्या मॉडेलमध्ये ०.९८५ मेगाहर्ट्झचं, पण प्रत्येक चक्राचा अर्धा भाग व्हिडिओ चिपचा आणि अर्धा प्रोसेसरचा. म्हणजे पत्ता वाचून उत्तर ठेवायला हातात ५०० नॅनोसेकंदांपेक्षा कमी वेळ. शिवाय बस (पत्ते आणि डेटा नेणाऱ्या तारा) ५ व्होल्टची आणि आजच्या चिपा ३.३ च्या. नव्या चिपकडून जुन्या बसकडे जाताना त्रास नाही, कारण त्या काळच्या टीटीएल पातळीच्या इनपुटना २ व्होल्टच्या वरचं सगळं ‘एक’च वाटतं. पण ५ व्होल्ट सरळ नव्या चिपच्या पायावर टाकायचे, तर तो पाय ते सोसणारा हवा. कुंग फू फ्लॅश या कार्ट्रिजमधला एसटीएम३२ सोसतो. रास्पबेरी पाय आणि पहिल्या पिकोतली आरपी२०४० चिप यांच्या कागदपत्रांत तशी हमी नाही, म्हणून मध्ये बफर (व्होल्टेजची पातळी बदलून सिग्नल पुढे देणारी चिप) हवा. स्वतः काही बांधणार असाल तर ७४एलव्हीसी२४५ सारखा वापरा. आय-स्क्वेअर-सी या संथ जोडणीसाठी विकले जाणारे चार ट्रान्झिस्टरवाले छोटे लेव्हल शिफ्टर बससाठी घेऊ नका, या वेगाला त्यांच्या कडा उठेपर्यंत चक्र संपतं.

स्पेक्ट्रमसाठी डिव्हएमएमसी हे उत्तर आहे. ते मागच्या खाचेत बसतं, ठरावीक पत्त्यांवर प्रोसेसर आला की रॉमवर स्वतःची मेमरी पांघरतं आणि टेपवरून लोड करण्याची विनंती अडवून एसडी कार्डवरून पुरवतं. जे गेम रॉमची टेप-रूटीन न वापरता स्वतःचा लोडर आणतात, त्यांना ही चलाखी लागू पडत नाही. त्यांच्यासाठी स्नॅपशॉट फाइल (चालू गेमच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत) वापरा, नाहीतर सरळ टेपचा आवाज ऐकवा. फोनवरून आवाज देता येतो: आवाज पूर्ण, सगळे इफेक्ट आणि इक्वलायझर बंद. तरीही लोड होत नसेल तर फोनचं आउटपुट कमी पडतंय, मध्ये छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर लावा. ४८ के चा गेम टेपने साधारण पाच मिनिटं घेतो. पहिल्या दिवशी ते आवाज आणि त्या रंगीत पट्ट्या छान वाटतात, आठवड्याने तुम्ही एसडी कार्डावर येता.

ॲमिगाला गोटेक लागतो. फ्लॉपीच्या जागी बसणारा, पेन ड्राइव्हवरच्या डिस्क-प्रतिमा फ्लॉपी म्हणून दाखवणारा हा साधा डबा आहे. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर घाला आणि छोटा ओएलईडी पडदा जोडा, म्हणजे नुसत्या आकड्यांऐवजी फाइलची नावं दिसतात. खोकं कापून गोटेक बसवण्याची पद्धत मात्र मला बघवत नाही. मूळ ड्राइव्हच्या भोकात नीट बसणारे थ्रीडी-प्रिंट केलेले धारक मिळतात.

अटारीच्या ८-बिट मशिन्स तुमच्याकडे नाहीत, तरी फुजीनेटचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ईएसपी३२ वरचं हे उपकरण अटारीच्या एसआयओ पोर्टला लागतं आणि डिस्क, प्रिंटर, मोडेम अशी सोंगं तर घेतंच, पण ‘एन’ नावाचं एक नेटवर्क-उपकरणही मशीनला दाखवतं. वायफाय आणि टीसीपीची सगळी कटकट ईएसपी३२ सोसतो. १.७९ मेगाहर्ट्झचा ६५०२ फक्त फाइल उघडावी तसं एक नाव उघडतो आणि इंटरनेटवरून बाइट वाचतो. नवं हार्डवेअर जुन्या पोर्टच्या शिष्टाचारात कसं राहू शकतं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पडद्याकडे येऊ. ही मशिन्स टीव्हीसाठी बनली, पण टीव्हीचे नियम पूर्ण पाळत नाहीत. पीएएल टीव्हीला एका आड एक ओळींची ६२५ ओळींची फ्रेम अपेक्षित असते. कॉमोडोर आणि स्पेक्ट्रम तेच ३१२ ओळींचं क्षेत्र पुन्हा पुन्हा पाठवतात, तेही अचूक ५० हर्ट्झने नाही: कॉमोडोर सुमारे ५०.१, स्पेक्ट्रम ५०.०८. जुन्या काचेच्या टीव्हीला याचं काही वाटत नसे. आजचा टीव्ही त्याला एका आड एक ओळींचं चित्र समजतो, ओळी मिसळतो, हलणाऱ्या वस्तूंना फणीसारख्या कडा येतात, किंवा सरळ ‘सिग्नल नाही’ म्हणतो.

कॉमोडोरच्या आठ पिनांच्या पोर्टवर प्रकाश आणि रंग वेगवेगळे मिळतात, म्हणजे एस-व्हिडिओच. रंगाच्या तारेवर साधारण ३०० ओमचा रेझिस्टर घातलेली केबल घ्या, नाहीतर रंग भडक येतात. पाच पिनांच्या अगदी सुरुवातीच्या मॉडेलवर रंग वेगळा येत नाही, तिथे कंपोझिटवर (प्रकाश आणि रंग एकाच तारेत) भागवावं लागतं. स्पेक्ट्रमच्या टीव्ही-सॉकेटवर फक्त आरएफ (टीव्हीच्या अँटेनाचा सिग्नल) बाहेर येतं. मॉड्युलेटरच्या डब्यातच तार बदलून तिथून कंपोझिट काढतात. हा बदल उलटा करता येतो, म्हणून माझ्या नियमात बसतो.

पुढे अपस्केलर, म्हणजे जुनं चित्र आजच्या पडद्याला साजेसं करणारा डबा. ओएसएससी ओळी दुप्पट-तिप्पट करून लगेच पुढे ढकलतो, फ्रेम साठवत नाही, त्यामुळे विलंब नगण्य. पण तो मशीनचा मूळ वेग तसाच पुढे देतो, आणि काही मॉनिटर ५०.१ हर्ट्झ नाकारतात. शिवाय तो आरजीबी आणि कंपोनंट घेतो, एस-व्हिडिओ किंवा कंपोझिट घेत नाही, हे न पाहता अनेकजण विकत घेऊन बसतात. तुमच्या तिन्ही मशिन्सना मिळून एकच घ्यायचा तर रेट्रोटिंक ५एक्स सोयीचा. ॲमिगासाठी आरजीबी२एचडीएमआय वेगळाच पर्याय आहे: डेनिस या व्हिडिओ चिपच्या सॉकेटमध्ये एक पट्टी बसते आणि रंगांचे डिजिटल बिट ॲनालॉग होण्याआधीच पाय झिरोकडे जातात. चित्र इतकं कोरडं-स्वच्छ येतं की काहींना ते आवडतही नाही.

आणि मॉनिटर घेताना तो ५० हर्ट्झ खरोखर दाखवतो का ते तपासा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर आडवं सरकणारं दृश्य सेकंदाला दहा वेळा अडखळतं, आणि कितीही महागडा अपस्केलर ते लपवू शकत नाही.

आता चिपा. कॉमोडोरची पीएलए वारंवार जाते. तिच्या जागी ईपीरॉममध्ये (पुन्हा लिहिता येणारी रॉम) तोच तक्ता भरून बसवायचा स्वस्त उपाय जुना आहे, आणि मी तो टाळतो. पत्ते बदलत असताना ईपीरॉमच्या आउटपुटवर क्षणिक खोटे पल्स उमटतात, रॅमच्या नियंत्रणरेषांना ते खरे वाटतात, आणि मग मशीन चालतं पण अमुक कार्ट्रिज लावलं की कोसळतं. जीएएल किंवा सीपीएलडी या प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक चिपांवर बनवलेली पर्यायी पीएलए घ्या. साउंडच्या सिड चिपबाबत सावध राहा: ६५८१ ला १२ व्होल्ट, ८५८० ला ९ व्होल्ट, आणि फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे. एकमेकींच्या जागी तशाच बसत नाहीत. ‘न वापरलेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ६५८१ मध्ये वरचं नाव घासून नवं छापलेल्या दुसऱ्याच चिपा सर्रास असतात. त्यापेक्षा प्रामाणिक आधुनिक पर्याय, आर्मसिड किंवा एफपीजीएसिड, बरे. तुमची मूळ सिड थोडी खरखरत असेल तरी काढू नका. ६५८१ चा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये वेगळा वाजतो, तो तुमच्या मशीनचा आवाज आहे.

प्रोसेसर क्वचित जातो. स्पेक्ट्रमच्या झेड८० ची स्वतंत्र चिप बनवणं थांबवण्याची घोषणा झायलॉगने २०२४ मध्ये केली, तरी साठा भरपूर आहे. नवी सीमॉस आवृत्ती स्पेक्ट्रममध्ये चालते, फक्त एका अधिकृत नसलेल्या आउट सूचनेत मूळ चिप शून्य पाठवते तिथे ही २५५ पाठवते, त्यामुळे एखाददुसरा प्रोग्राम विचित्र वागू शकतो. ६५०२ च्या घराण्यात आजही उत्पादनात असलेली डब्ल्यू६५सी०२एस सरळ बसत नाही: तिची पहिली पिन जुन्या चिपमध्ये ग्राउंड होती आणि आता आउटपुट आहे. कॉमोडोरच्या ६५१० मध्ये तर आतच इनपुट-आउटपुट पोर्ट आहे, तिथे तिचा प्रश्नच येत नाही.

पायस्टॉर्मबद्दल तुम्ही पुढे विचारालच. ॲमिगाचा ६८००० काढून त्याच्या सॉकेटमध्ये पाय बसतो आणि ईमू६८ हा प्रोग्राम त्यावर प्रोसेसर होतो. वेग अफाट, पण ७ मेगाहर्ट्झची बस आणि चिप रॅम जिथल्या तिथेच राहतात, त्यामुळे जुने गेम फारसे सुधारत नाहीत, उलट वेळेच्या हिशोबावर लिहिलेले काही बिघडतात. वर्कबेंच (ॲमिगाचा डेस्कटॉप) आणि नंतरचे प्रोग्राम यांसाठी बहार आहे. सॉकेटमध्ये बसतं, उपसता येतं, म्हणून मला चालतं. तीच गोष्ट बीबीसी मायक्रोच्या पायट्यूबडायरेक्टची: तिथे तर दुसरा प्रोसेसर लावण्यासाठी मूळ मशीनमध्येच पोर्ट होता.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्ट्राव्हायोलेटने पांढरं होतं, काही वर्षांनी पुन्हा पिवळं होतं. मी साबण-पाण्यावर थांबतो. स्पेक्ट्रमचा कीबोर्ड बंद असेल तर आतला प्लास्टिकचा पडदा कडक होऊन तुटला आहे. नवे बनतात, तेच घ्या.

एक काम मात्र या सगळ्याला समांतर, आजच सुरू करा. खोक्यासोबत जुन्या कॅसेट आणि फ्लॉपी असतील तर दुरुस्ती पूर्ण व्हायची वाट पाहू नका. फ्लॉपीच्या चकतीवर बुरशीचे ठिपके दिसले तर आधी स्वच्छ करा, नाहीतर हेड घाण होतं आणि पुढची प्रत्येक डिस्क खरवडतं. साध्या पीसीचा कंट्रोलर ॲमिगाचा ट्रॅक वाचू शकत नाही, म्हणून ग्रीझवीझलसारखं उपकरण पीसीच्या जुन्या ड्राइव्हला लावून चुंबकीय बदलच जसेच्या तसे टिपा. त्यातून ८८० के ची प्रतिमा नंतर काढता येते. कॅसेट साध्या टेप-डेकवर चालवून डब्ल्यूएव्हीमध्ये उतरवा, एमपी३ नको. आवाज मंद येत असेल तर हेडचा ॲझिमथ-स्क्रू (हेडचा कल बदलणारा) हळूहळू फिरवून तो सर्वांत तीक्ष्ण होईपर्यंत जुळवा. प्रत्येक कॅसेटला तो वेगळा लागेल, कारण ती ज्या डेकवर रेकॉर्ड झाली त्याचं हेड तितकंच वाकडं होतं.